सुटकेच्या कामाला शालीआधी एक टेबल द्या

मराठीत आपण ‘ओलीस’ हा एकच शब्द चार वेगवेगळ्या संकटांना लावतो आणि पहिली चूक तिथेच होते. चाच्यांनी जहाजासकट पळवून नेलेला खलाशी हा खरा ओलीस. त्याच्या जिवाची किंमत मागितली जाते. म्यानमारच्या म्यावाडीत कुंपणाआड कोंडून ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेला तरुण हा मानवी तस्करीचा बळी असतो. त्याच्याकडूनही खंडणी मागतात, पण तिला ‘करार मोडल्याचा दंड’ म्हणतात. परक्या देशाच्या पोलिसांनी किंवा नौदलाने पकडलेला माणूस कैदी असतो. आणि मालकाने पासपोर्ट काढून घेतलेला, किंवा पगार थकवून जहाजासकट एखाद्या बंदरात वाऱ्यावर सोडलेला माणूस अडकलेला असतो. चौघांच्या घरी घालमेल सारखीच. पण चौघांसाठी ठोठावायची दारं वेगळी आणि लागणारे कागदही वेगळे.

कैद्यासाठी १९६३ चा व्हिएन्ना करार आहे. अटक झालेल्या परदेशी नागरिकाला आपल्या देशाच्या दूतावासाशी बोलण्याचा हक्क त्याच्या ३६व्या कलमाने दिला आहे. कतारमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये अटक झालेल्या आठ माजी नौसैनिकांना ऑक्टोबर २०२३ मध्ये फाशीची शिक्षा झाली, डिसेंबरमध्ये ती कमी झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सुटले. ती लढाई वकिलांची आणि राजनैतिक अधिकाऱ्यांची होती. पाकिस्तानच्या तुरुंगात खितपत पडणाऱ्या पालघर जिल्ह्यातल्या खलाशांसाठी २००८ चा भारत-पाक करार आहे. त्यानुसार दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. तलासरी किंवा डहाणूच्या पाड्यावरच्या घराला या दोन तारखांचं महत्त्व कुणीतरी समजावून सांगावं लागतं, आणि यादीत नाव कुठल्या स्पेलिंगने आलंय तेही पाहावं लागतं.

अडकलेल्या खलाशाच्या मागे २००६ चा सागरी कामगार करार उभा आहे. दोन महिन्यांचा पगार थकला की त्या खलाशाला मालकाने ‘टाकून दिलं’ असं मानलं जातं. मग जहाजाच्या विमाकंपनीला चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार आणि घरी परतण्याचा खर्च द्यावा लागतो. त्या विम्याचं प्रमाणपत्र जहाजावर दर्शनी जागी लावलेलं असलं पाहिजे. खलाशाने फोनवरून त्याचा एक फोटो काढून घरी पाठवला, तर पुढचं अर्धं काम होतं. तेवढं सांगणारं माणूस मात्र वेळेवर भेटावं लागतं.

हे सांगणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यात संस्था थोड्या. बहुतेक वेळा निवृत्तीला आलेलं किंवा निवृत्त झालेलं एखादं जोडपं असतं, ज्यांचा नंबर एका कुटुंबाकडून दुसऱ्या कुटुंबाकडे जातो. एखादी सुटका झाली की गावाला त्यांचं नाव कळतं, गौरव समिती बनते, सभागृह ठरतं. पुण्याला सत्काराची हौस आहे आणि ती चांगलीच आहे. कृतज्ञता बोलून दाखवणारं शहर मनाने श्रीमंत असतं. आमचं म्हणणं सत्काराच्या विरोधात नाही. सुटकेच्या कामाचा स्वभाव गुप्ततेचा, कागदांचा आणि वर्षानुवर्षांच्या चिकाटीचा आहे. सत्कारानेही त्याच स्वभावाचं असावं, आणि शालीआधी या कामाला जिल्ह्यात मदतीचं एक कायमचं टेबल मिळावं, एवढंच मागणं आहे. आज सत्कार तसा नसतो, आणि त्यामुळे पुढच्या ओलिसाचं नुकसान होतं.

आधी कामाकडे पाहू, कारण काम नीट दिसल्याशिवाय त्याचा मान कसा करायचा ते ठरत नाही.

पहिल्या ४८ तासांत घरात काय गोळा करायचं? पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि, जुनी पुस्तिका असेल तर, शेवटच्या पानाची प्रत. व्हिसा आणि विमानाचं तिकीट. नोकरीचं पत्र, मग ते बनावट का असेना. एजंटशी झालेला सगळा व्हॉट्सअॅप संवाद; नुसते स्क्रीनशॉट चालत नाहीत, अख्खा चॅट एक्स्पोर्ट करायचा, कारण स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारखा तुटतात. एजंटला दिलेल्या पैशांचे यूपीआय किंवा बँकेचे व्यवहार क्रमांक. मुलाने शेवटचं पाठवलेलं लोकेशन. खलाशी असेल तर त्याचं सीडीसी म्हणजे जहाजावरच्या नोकरीची नोंदपुस्तिका, इंडॉस म्हणजे देशाच्या खलाशी-नोंदणीतला क्रमांक, नोकरीचा करार, भरती कंपनीचा आरपीएसएल म्हणजे खलाशी भरतीचा परवाना क्रमांक आणि जहाजाचा सात आकडी आयएमओ क्रमांक, म्हणजे त्याची आंतरराष्ट्रीय ओळख. जहाजाचं नाव आणि झेंडा रातोरात बदलता येतो, आयएमओ क्रमांक बदलत नाही. म्हणून नावापेक्षा तो महत्त्वाचा.

मग एक वही. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर, बोलणाऱ्याची भाषा आणि शक्य तितके त्याचेच शब्द. घरातला एकच माणूस बोलणार, एकाच फोनवरून. हा नियम पाळणं सर्वांत अवघड जातं. काका वेगळा फोन लावतात, मेहुणा वेगळ्या आमदाराला गाठतो, बहीण इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकते. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर चौघांनी चार तक्रारी चार स्पेलिंगने केल्या की चार फाइली तयार होतात. चारही टेबलांवर प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी पाहतोय. पासपोर्टवरचं स्पेलिंग हेच एकमेव स्पेलिंग, मग ते चुकीचं का असेना. ‘सूर्यवंशी’ची रोमन अक्षरं घरात तीन प्रकारे लिहिली जात असतील, तर पासपोर्टवरची चौथी खरी.

तक्रार कुठल्या दूतावासाकडे, हेही चुकतं. मुलगा पुण्याहून बँकॉकला गेला म्हणून घरचे बँकॉकला लिहीत राहतात. पण म्यावाडी म्यानमारमध्ये आहे, मोई नदीच्या पलीकडे. त्यामुळे मूळ जबाबदारी यांगूनच्या भारतीय दूतावासाची. सुटका झाल्यावर मात्र बाहेर पडायचा रस्ता नदी ओलांडून थायलंडच्या मे सोतमधून जातो. म्हणून पत्र यांगूनला आणि प्रत बँकॉकला, दोन्ही पहिल्याच दिवशी. १० आणि ११ मार्च २०२५ या दोन दिवसांत हवाईदलाच्या विमानांनी मे सोतहून २८३ आणि २६६ असे ५४९ भारतीय परत आणले, ते याच वाटेने.

पोलिसांचा भाग पुण्यात विशेष गुंत्याचा आहे. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण अशा तीन वेगळ्या हद्दी. मुलगा चाकणचा, मुलाखत हिंजवडीच्या एखाद्या कॅफेत झाली, पैसे कोथरूडच्या बँकेतून गेले. कुटुंब तीन ठाण्यांत हेलपाटे घालतं आणि प्रत्येक ठिकाणी ‘आमची हद्द नाही’ ऐकून परततं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमाने हा प्रश्न कागदावर सोडवला आहे. गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवली, तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, आणि तेवढं विसरलं की नोंद होत नाही. तक्रारीत नुसती ‘फसवणूक’ लिहून थांबायचं नाही. भारतीय न्याय संहितेच्या १४३व्या कलमाखालची मानवी तस्करी हा शब्द आणि ते कलम दोन्ही हवेत. याचं कारण पुढे थायलंडमध्ये कळतं. तिथे सुटून आलेल्या प्रत्येकाची, तो तस्करीचा बळी आहे की बेकायदा घुसलेला आहे, अशी छाननी होते. बळी ठरला तर मदत. घुसखोर ठरला तर व्हिसा संपल्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला ५०० बाट, कमाल २०,००० बाट दंड, आणि पुन्हा त्या देशात यायला बंदी. पुण्यातल्या ठाण्यातली एक नोंद तिथे त्या मुलाच्या बाजूने बोलते.

आता पैसा. इथे भावना सर्वांत जास्त आणि माहिती सर्वांत कमी असते. दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यातून वकील, तात्पुरता निवारा, परतीचं तिकीट, मृतदेह आणण्याचा खर्च असं बरंच काही मिळतं. खंडणी त्या यादीत नाही. खंडणी द्यावी की नाही हा प्रश्न नैतिक आहेच. पण ज्या घरात मूल अडकलंय त्या घराला तो नैतिक प्रश्न म्हणून विचारायचा अधिकार आपल्याला नाही. त्या घराला एवढंच सांगता येतं की पैसे दिले म्हणजे माणूस सुटला असं होत नाही.

‘अॅस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज सप्टेंबर २०१० मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलं. एप्रिल २०११ मध्ये खंडणी पोचली, जहाज सुटलं. पण १५ भारतीय खलाशांपैकी सात जणांना चाच्यांनी ठेवून घेतलं, कारण भारतीय नौदलाने पकडलेले आपले साथीदार त्यांना हवे होते. ते सात जण ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस सुटले, म्हणजे आणखी साडेतीन वर्षांनी. ‘आइसबर्ग-१’ मार्च २०१० मध्ये पळवलं गेलं. मालकाने पाठ फिरवली आणि खलाशी डिसेंबर २०१२ मध्ये सोमालियातल्या पुंटलँड प्रांताच्या सागरी पोलिसांच्या कारवाईतून बाहेर आले, जवळपास ३३ महिन्यांनी. उलट ‘सुएझ’ जहाजावरचे भारतीय, पाकिस्तानी, इजिप्शियन आणि श्रीलंकन खलाशी जून २०११ मध्ये सुटले, तेव्हा त्यांच्यासाठी पैसे उभे करण्यात पाकिस्तानातले मानवी हक्क कार्यकर्ते अन्सार बर्नी यांचा मोठा वाटा होता. ज्या देशाशी आपलं पटत नाही तिथला माणूस आपल्या सहा जणांसाठी उभा राहिला, ही गोष्ट पुण्यातल्या कुठल्याही व्यासपीठावर आदराने सांगण्यासारखी आहे.

सुटकेनंतरही पैशाचा हिशेब संपत नाही. सौदी अरेबियात फाशीची शिक्षा झालेल्या कोझिकोडच्या एका माणसासाठी केरळच्या लोकांनी २०२४ मध्ये वर्गणीतून ३४ कोटी रुपये उभे केले. ज्याच्या मृत्यूबद्दल ती शिक्षा झाली होती त्याच्या कुटुंबाने ती रक्कम भरपाई म्हणून स्वीकारली, फाशी रद्द झाली. तरी तो लगेच घरी आला नाही. कुटुंबाने माफ केलं तरी सौदी सरकारचा म्हणून जो दावा असतो तो उरतो, आणि तो न्यायालय वेगळा चालवतं. वर्गणी गोळा करणाऱ्यांनी ही पायरी देणगीदारांना आधीच सांगितली नाही, तर पुढच्या वेळी लोक हात आखडता घेतात.

मध्यस्थीबद्दल आमचं मत ठाम आहे. वाटाघाट हा व्यवसाय आहे. जहाजाच्या मालकाकडे अपहरणाचा विमा असेल, तर विमाकंपनीचा प्रशिक्षित माणूस बोलतो. तो एकाच वाटेने बोलतो, आधी माणूस जिवंत असल्याचा पुरावा मागतो, म्हणजे फक्त त्यालाच ठाऊक असेल अशा घरगुती प्रश्नाचं उत्तर, आणि आकडा चढवतो तो प्रत्येक वेळी आधीपेक्षा लहान पायरीने, म्हणजे समोरच्याला कळतं की पिशवी रिकामी होत आलीय. अशा वेळी गावातल्या कुणी चांगल्या मनाने दुसरी वाट उघडली, की पहिली वाट बंद पडते. टेरी वेट हे इंग्लंडच्या चर्चचे अनुभवी दूत. त्यांनी अनेक ओलीस सोडवले होते. जानेवारी १९८७ मध्ये बैरुतला बोलणी करायला गेले आणि स्वतःच ओलीस झाले. सुटले नोव्हेंबर १९९१ मध्ये. इतका मुरलेला माणूस अडकू शकतो, तर पुण्यातल्या जोडप्याने परक्या टोळीशी थेट बोलू नये. त्यांचं काम त्याच्या अलीकडचं आहे आणि ते कमी मोलाचं नाही.

ते अलीकडचं काम म्हणजे काय, हे सत्काराच्या भाषणात कधी येत नाही. दोघांपैकी एक बाहेर असतो: पोलिस ठाणं, नोटरी, बांद्र्यातल्या विदेश भवनात परराष्ट्र मंत्रालयाच्या कार्यालयाची खेप, मुंबईतलं जहाजवाहतूक महासंचालनालय. दुसरं माणूस घरी फोनपाशी असतं. आईचा रात्री अकराचा फोन तिथे येतो, पहाटे चारचाही तिथेच येतो. हे दुसरं माणूस बहुतेक वेळा बायको असते. तिने लिहिलेल्या वहीतूनच नवऱ्याचा अर्ज बनतो. आणि या घरच्या बाजूला एक काम असं आहे ज्याला कुठलंही कलम पुरत नाही. खोटी आशा न देणं.

२०१४ च्या जूनमध्ये इराकच्या मोसूलमध्ये ४० भारतीय कामगार पळवले गेले. एक जण निसटला. बाकीच्या ३९ जणांच्या घरांनी जवळपास चार वर्षं वाट पाहिली. २० मार्च २०१८ रोजी राज्यसभेत त्यांच्या मृत्यूची घोषणा झाली, आणि कित्येक घरांना ती टीव्हीवरून कळली. त्याच २०१४ च्या जुलैमध्ये तिक्रितमधल्या ४६ परिचारिका मात्र सुखरूप कोचीला उतरल्या होत्या. एकाच युद्धात, एकाच उन्हाळ्यात दोन टोकं. घरच्या माणसाला ही दोन्ही टोकं एकाच वेळी मनात धरायला मदत करणं, रोज फोन उचलणं, ‘आज काही कळलेलं नाही’ हे खरं वाक्य रोज नव्याने सांगणं, हे काम किती मोठं आहे याची मोजणी आपण करत नाही. अमेरिकेने २०१५ मध्ये ओलिसांच्या प्रकरणांसाठी स्वतंत्र कक्ष उभारला, तेव्हा कुटुंबांशी बोलण्यासाठी वेगळा समन्वयक नेमला. तोवरची सर्वांत मोठी तक्रार तीच होती की घरच्यांना कुणी काही सांगत नाही.

आता सत्काराकडे वळू.

व्यासपीठावर सुटून आलेल्या मुलांना रांगेत उभं करतात, फोटो निघतात, फ्लेक्स लागतात. ज्या एजंटने त्यांना पाठवलं तो पुष्कळदा त्याच तालुक्यातला असतो आणि खटला अजून उभा राहायचा असतो. साक्षीदाराचा चेहरा आपण त्याच्या हाती देतो. शिवाय ज्या मुलाने तिथे मारहाणीच्या धाकाने का होईना फसवणुकीचे फोन केले, त्याचीही चौकशी इथे चालू असते. त्याचा फ्लेक्स लागल्यावर पुढे कुणीतरी ‘हाच तो’ म्हणणारच. दुसरं, भाषणात आकडा सांगितला जातो. ‘इतक्या लाखांत सोडवला’ हे वाक्य टाळ्या घेतं, पण पुढच्या मुलाचा दर ठरवतं. तिसरं, मधल्या माणसाचे आभार मानले जातात. नदीपलीकडचा एखादा दुकानदार, एखादा चालक, एखादा धर्मगुरू. त्याचं नाव पुण्यात उच्चारलं गेलं की मोबाइलवरून दुसऱ्या दिवशी तिथे पोचतं. चौथं, ‘अमुक साहेबांच्या एका फोनने सुटका झाली’ असं जाहीर होतं आणि ज्या अधिकाऱ्याने दूतावासात बसून महिनाभर पत्रं लिहिली तो पुढच्या वेळी हात राखून वागतो. नुकसान चोरपावलांनी येतं, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि पाचवं, जोडप्याबद्दल. मानपत्र नवऱ्याच्या नावाने, आणि खाली ‘सौ. व श्री.’ महाराष्ट्राला हे नवं नाही, पण महाराष्ट्रालाच ते शोभत नाही. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी याच शहरात, विश्रामबागवाड्यात, मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीराव फुल्यांना त्यांच्या शाळांच्या कामासाठी शालजोडी दिली गेली. त्या शाळांत रोज उभं राहून शिकवणाऱ्या सावित्रीबाई होत्या. दोघांचं नाव एका दमात घ्यायला या शहराला पुढे बरीच वर्षं लागली. अलीकडे मात्र चांगले दाखले आहेत. प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांना २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार संयुक्तपणे मिळाला. अभय आणि राणी बंग यांना २०१८ मध्ये, रवींद्र आणि स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री जोडीने मिळाली. सुटकेच्या कामात आम्ही याच्याही एक पाऊल पुढे जायला सांगू: दोन मानपत्रं, दोन पूर्ण नावं, आणि प्रत्येकात त्या त्या माणसाने नेमकं काय केलं ते. ‘४१० दिवस फोनची वही लिहिली’ असं मानपत्रात लिहिता येतं. ते ‘समाजकार्याची आवड’ यापेक्षा खरं आहे.

सत्काराची वेळही ठरवावी. एकत्र पळवलेल्यांपैकी शेवटचा माणूस घरी येईपर्यंत आणि न्यायालयात जबाब नोंदवून होईपर्यंत जाहीर कार्यक्रम नाही. आकडा नाही, वाट नाही, मध्यस्थ नाही, सुटलेल्याचा चेहरा नाही. यावर कुणी म्हणेल की मग लोकांना कळणार कसं आणि नवी माणसं या कामाकडे येणार कशी? आक्षेप रास्त आहे. जाहीर कौतुकानेच देणग्या येतात, तरुण स्वयंसेवक येतात. पण त्या तरुणाला शिकायला जे हवं ते, म्हणजे कागदांची यादी, कलमं, चुका, हे सगळं उघडपणे सांगता येतं. झाकायचं ते फक्त माणूस, रक्कम आणि वाट.

शालीऐवजी काय द्यायचं, तर कामाला लागतं ते. एक टेबल, दोन टेलिफोन, एक कुलूपबंद कपाट, पगारी दोन अर्धवेळ माणसं, वकिलांचं पॅनेल, आणि भाषांतरकारांची तयार यादी. जागा आमच्या मते शिवाजीनगरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात असावी. कारणं साधी आहेत. पोलिसांच्या हद्दी तीन असल्या तरी प्राधिकरण अख्ख्या जिल्ह्याचं एकच आहे. तिथे बोललेलं गुप्त राहतं. आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२व्या कलमानुसार मानवी तस्करीच्या आणि वेठबिगारीच्या बळीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हा हक्क आज आहे. म्यावाडीहून परतलेल्या मुलाला विमानतळावर तो कुणी सांगत नाही, आणि तो चौकशीला एकटा सामोरा जातो.

‘परराष्ट्र व्यवहार केंद्राचं काम, जिल्ह्याने त्यात का पडावं,’ असंही विचारलं जातं. केंद्राचं काम माहितीवर चालतं, आणि माहिती चाकणच्या घरात असते. केरळने परदेशस्थ केरळीयांसाठी १९९६ मध्येच स्वतंत्र खातं काढलं, ‘नोर्का’. त्यामुळे तिथल्या घराला कुठे जायचं ते माहीत असतं. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची तऱ्हा वेगळी आहे, आणि पुण्याची तर फारच. दहावी पास झालेल्याच्या पासपोर्टवर परदेशी कामासाठी तपासणी लागण्याचा शिक्का येत नाही. म्हणजे आखातात गवंडीकामाला जाणाऱ्या कमी शिकलेल्या माणसाचा करार सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासला जातो, एजंटचा परवाना पाहिला जातो, ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त फी घेता येत नाही, दहा लाखांचा विमा उतरवला जातो, आणि हिंजवडीतली नोकरी गेलेला इंजिनीअर पर्यटक व्हिसावर बँकॉकला उतरतो तेव्हा या जाळ्यातलं काहीच त्याच्या खाली नसतं. ‘डिजिटल सेल्स एक्झिक्युटिव्ह’ अशा पदांच्या आमिषाबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने सप्टेंबर २०२२ मध्येच इशारा दिला होता. मुलाखतीत टायपिंगचा वेग विचारला, कंपनीचा पत्ता विचारल्यावर टाळाटाळ झाली, तिकीट पर्यटक व्हिसावर काढलं, तर निघण्याआधीच टेबलाशी यावं. सर्वांत स्वस्त सुटका ती.

भाषांतरकारांसाठी पुण्याला लांब जावं लागणार नाही. इराण, अफगाणिस्तान, येमेन आणि आफ्रिकेतले विद्यार्थी या शहरात अनेक दशकं शिकत आले आहेत. सिंबायोसिससारखी संस्था १९७१ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या आस्थेतूनच उभी राहिली. अरबी, फारसी कागद वाचून देणारी माणसं इथे मिळतात. एकच पथ्य: त्यांच्याकडून कागद वाचून घ्यावा, पण तिकडे फोन लावायला सांगू नये. त्यांचं घर तिकडेच आहे.

गौरव समित्यांनी एका सोहळ्याचा सभागृह, फ्लेक्स, भोजन आणि सन्मानचिन्हांचा खर्च एका कागदावर मांडावा आणि शेजारी टेबलाचा वर्षाचा खर्च मांडावा. दोन्ही रकमा जमल्या तर दोन्ही करावं. एकच जमत असेल तर त्या जोडप्याला विचारावं. टेबलावर हवी तर त्यांच्या नावाची पाटी लावावी, दोन नावांची.

टेबलाच्या वेळा मात्र कार्यालयीन ठेवून चालणार नाहीत. बँकॉक आपल्या दीड तास पुढे आहे; तिथे सकाळी नऊला दूतावासाचं काम सुरू होतं तेव्हा पुण्यात साडेसात वाजलेले असतात, आणि अर्ज त्यांच्या टपालात सर्वांत वर हवा असेल तर साडेसातला इथे माणूस बसलेला हवा. नायजेरियातलं लागोस साडेचार तास मागे आहे. तिथले लोक संध्याकाळी साडेपाचला कार्यालयातून उठतात तेव्हा पुण्यात रात्रीचे दहा झालेले असतात, आणि त्या दिवशीचा निरोप त्याआधी कधीही येऊ शकतो. सकाळी साडेसात ते रात्री दहा, दोन पाळ्यांत. सध्या या वेळा कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या फोनवर, एकाच पाळीत, पाळल्या जातायत.